लग्नानंतरचा पहिला धोंडा

१९ एप्रिल, रविवार. आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया.

अजिनाथ कामाला आहे त्या दुचाकींच्या शोरूमने जानेवारीत दिलेली डायरी इतके दिवस कपाटावर धूळ खात पडली होती. परवा शाळेला सुट्टी लागली तेव्हा पोरांना मी मोठ्या थाटात सांगून आले, की सुट्टीत रोज पानभर लिहायचं. मग बाईंनीच लिहिलं नाही तर कसं? खरं कारण वेगळं आहे. मला बढाई मारायला जागा हवी होती. लोकांत मारली की नावं ठेवतात, वहीत मारली की खपून जाते.

तर पहिली बढाई. आज आमच्याकडे आमरस, पोळ्या, कुरडई, भजी आणि कटाची आमटी होती, आणि यातलं निम्मं अजिनाथने केलं. भिंगारच्या या गल्लीत बायको धडधाकट असताना आमटीला फोडणी देणारा दुसरा नवरा कुणी दाखवावा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, वहीत मात्र तो 'तो'च. वाचतंय कोण.

तो पाथर्डीकडचा. लहानपणी आई-वडील कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेले, की मागे दोन धाकट्या बहिणींना रांधून घालायचं काम याच्याकडे. नवव्या वर्षी भाकरी थापायचा. आमचं लग्न ठरलं तेव्हा मालनआत्याने "कोयत्याच्या घरी पोरगी दिली" म्हणून नाक मुरडलं होतं. आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, जावयाला पहिल्यांदा चुलीपाशी बसलेलं बघून मिशीत हसले होते. "पाव्हनं, बांगड्या भरायच्या ऱ्हायल्यात का?" अजिनाथ भाकरी थापत राहिला. त्याने केलेल्या भाकरी मात्र अप्पांनी तीन खाल्ल्या.

दुपारी अप्पांना फोन केला. हिवरे बाजारच्या अलीकडे आमची वस्ती. तिथं अप्पा आणि तीन गाई, एवढाच आता संसार. आई जाऊन दीड वर्ष झालं आणि मी एकुलती एक. आईच्या नावाने घागर पुजली का, विचारलं. "पुजली. निवद छगनच्या घरनं आला," म्हणाले. छगनकाका त्यांचे चुलतभाऊ, शेजारीच राहतात. अप्पांचं दोन्ही वेळचं जेवणही तिथूनच येतं. चांगली सोय आहे, मला काही काळजी नाही.

२५ एप्रिल, शनिवार

आज कुरडया घातल्या. गहू तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, काल वाटून चीक काढला आणि आज पहाटे पाचला गच्चीवर शेगडी पेटवली. उकळत्या पाण्यात चीक ओतला की तो घोटायला मनगट लागतं. अजिनाथने बनियनवर, कपाळाला टॉवेल बांधून वीस मिनिटं हात थांबवला नाही. एक गुठळी नाही. मी सोऱ्या फिरवत होते आणि तो गरम चीक भरून देत होता.

घरमालकीण साळूबाई खालून वर आल्या आणि कठड्याला टेकून बघत राहिल्या. पलीकडच्या गच्चीवरच्या दोघीही बघत होत्या. साळूबाई म्हणाल्या, "ज्ञानेश्वरी, तुझं नशीब लई थोर हाय बया. आमच्या ह्यांनी जल्मात पान्याचा तांब्या भरून घेतला न्हाई." मी "कसलं नशीब, वळण लावलं," म्हणाले. हे साफ खोटं. वळण त्यानेच मला लावलं. लग्नाआधी मला चीक घोटता येत नव्हता, आई ते काम माझ्यावर सोडायचीच नाही.

एकशे नऊ कुरडया झाल्या. ऊन असलं मरणाचं आहे, की दोन दिवसांत खणखणीत वाळतील.

२ मे, शनिवार

मालनआत्याचा देवळालीहून फोन. "ज्ञानू, सतरा तारखेला धोंड्याचा म्हैना लागतोय. ध्यानात हाय ना? तुझा लग्नानंतरचा पैला."

ध्यानात नसेल कसा. तीन वर्षांतून एकदा अधिक महिना येतो. लेक-जावयाला माहेरी बोलवायचं, पाटावर बसवायचं आणि पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे. पहिल्या धोंड्याला कुणी काय केलं, याची वर्षभर चर्चा चालते. आई तर माझ्या लग्नाच्या मांडवातच म्हणाली होती, "पैल्या धोंड्याला जावयाला उठता येनार न्हाई एवढं वाढीन."

आत्या पुढे म्हणाली, "वैनी न्हाई, तर तुझा बाप, रंगनाथ बिचारा, काय करनार? त्याला चहापलीकडं काय येतंय? तुमी दोघं माझ्याकडं या. मी घालते धोंडं."

आत्याच्या मनात चांगलंच असेल. पण फोन ठेवल्यावर माझं डोकं तापलं. आई गेली की माहेर गेलं, असं दीड वर्ष जो तो मला ऐकवतोय. मला ते मान्य नाही. अप्पा आहेत, घर आहे, गाई आहेत, मग माहेर गेलं कसं? पण पहिला धोंडा आत्याच्या घरी खाल्ला, की आपणच कबूल केल्यासारखं होईल. माझा धोंडा माझ्या माहेरीच व्हायला हवा. कसा ते माहीत नाही.

३ मे, रविवार

सुचलं. इतकं सोपं होतं, की कालचा दिवस उगाच चिडण्यात घालवला.

लगेच अप्पांना फोन लावला. म्हटलं, "अप्पा, आपण धोंडा घरीच करायचा. एकतीस तारखेचा रविवार धरा. तुम्ही काडीची काळजी करायची नाही. धोंडे, आमटी, भात, सगळं मी इथून करून आणते. तुम्ही फक्त टोपी घालून बसायचं."

अप्पा म्हणाले, "बरं."

"चालेल ना?"

"बरं म्हनलो की." आणि फोन ठेवला. अप्पांना फोनवर फार बोलायला आवडत नाही.

मी खुशीत मागे वळले, तर अजिनाथ दारात उभा. "ज्ञानू, आसं नव्हतं बोलायचं मामांना."

"काय वाईट बोलले मी? त्यांचा त्रास वाचवला."

"व्हय, वाचवला," म्हणाला आणि कांदा चिरायला बसला. याला कधीकधी माझी हुशारी सोसत नाही.

६ मे, बुधवार

अजिनाथ आज साडेआठला आला. एरवी साडेसहाला दारात असतो. म्हणाला, "काम हुतं." हुलग्याचं शेंगोळं केलं होतं, त्याच्या आवडीचं, लसणाची फोडणी देऊन. अर्धी वाटी खाल्लं आणि हात धुतले.

९ मे, शनिवार

पुन्हा साडेआठ आणि पुन्हा भूक नाही. कैरीची डाळ, भाकरी आणि मिरचीचा ठेचा तसाच राहिला.

शर्ट धुवायला घेतला तर बाहीवर गुळाचा डाग. शोरूममध्ये गूळ कुठून आला?

अप्पांचा फोन येऊन गेला. विचारत होते, हरभऱ्याची डाळ किती येळ भिजवायची. म्हटलं, "गाईला डाळ घालायला लागलात की काय?" म्हणाले, "व्हय, गाईलाच." मी चांगलं सुनावलं, की गाईला चुणी घालतात, डाळ घालून दूध वाढत नाही. एकटं राहून माणसाला काहीबाही सुचायला लागतं.

१३ मे, बुधवार

लिहायला लाज वाटते, पण वहीत नाही तर कुठे लिहू. अजिनाथ बाहेर जेवतो.

आज मुद्दाम शिपी आमटी केली. त्याच्या गावाकडची, त्यानेच शिकवलेली. त्या आमटीला तो कधी नाही म्हणालेला नाही. आज दोन घास खाऊन म्हणाला, "झ्याक झाली. उद्या खाईन." उद्या. ताज्या आमटीला उद्या.

मी भांडी घासता घासता तीनदा आमटी चाखून बघितली. मीठ बरोबर, तिखट बरोबर, मसाला आमच्या हातचा. मग चुकतंय काय? साळूबाई परवाच म्हणत होत्या, "पुरुषाला बाहेरच्या जेवनाची चटक लागली, की घरचं गोड लागत न्हाई." तेव्हा मी हसले होते. दुसरी बाई असती तर मी तिच्या झिंज्या धरल्या असत्या. ढाब्याच्या झिंज्या कशा धरणार?

थोडी रडले. आमटीच्या वाफेने डोळे लाल झाले म्हणून सांगितलं.

१७ मे, रविवार

आज अधिक महिना लागला. चिडचिड बाजूला ठेवून धोंड्यांचा सराव केला. सोळा केले, सोळाही सारखे, लिंबाएवढे, एकही फुटला नाही. सराव म्हणून केलेला हा प्रकार उद्या सणाला ठेवला तरी कुणी नाव ठेवणार नाही. साळूबाईंना चार दिले, त्या म्हणाल्या, "साच्यातनं काढल्यावानी झाल्यात."

अजिनाथ सुट्टीवर होता आणि सारखा जवळ बसून विचारत होता. तुझ्या आई तळायच्या की वाफवायच्या? (वाफवायची. आमच्याकडे तळत नाहीत.) पुरणात काय घालायच्या? (वेलची आणि थोडी सुंठ.) पुरण झालं हे कळायचं कसं?

म्हटलं, "एवढं येत नाही तुम्हाला?"

"मला येतंय. आई काय म्हनायच्या ते विचारतोय."

आई म्हणायची, उलथनं पुरणात उभं राहिलं की उतरवायचं. हे सांगितल्यावर त्याने चक्क मोबाईलमध्ये टिपून घेतलं. मला बरं वाटलं. निदान माझ्या धोंड्यांची तरी त्याला किंमत आहे.

२० मे, बुधवार

आज सोक्षमोक्ष लावला. साडेआठला आला, उजव्या हाताच्या बोटाला चटका बसलेला. मी ताट वाढलंच नाही. म्हटलं, "आधी सांगा, कुठे जेवून येता?"

आधी तांब्याभर पाणी प्यायला. मग म्हणाला, "एक गिऱ्हाईक हाय. म्हातारा मानूस. नवी गाडी घेतलीय, चालवता येत न्हाई. बुधवारी आन् शनिवारी शिकवाया जातो."

"आणि जेवण?"

"शिकून झालं की खायला लावतो. न्हाई म्हनता येत न्हाई."

"त्यांच्या घरचं माझ्यापेक्षा चांगलं असतं का?"

"लई वाईट आसतं," अजिनाथ म्हणाला, आणि असं हसला की मला राग आवरेना.

"मग खाता कशाला?"

"खावं लागतं, ज्ञानू. तो पडतो, उठतो, पुन्यांदा बसतो. एवढ्या वयात कोन शिकतंय सांग. मला त्याला नाराज करवत न्हाई."

बोटाचा चटका सायलेन्सरचा म्हणे. मी बर्फ लावला. ढाबा नाही हे कळल्यावर छातीवरचा धोंडा उतरला, पण त्या म्हाताऱ्याचा रागच आला. घरी शिकवायला दुसरं कुणी नाही का याला? माझ्याच नवऱ्याला का वेठीला धरतोय?

२६ मे, मंगळवार

ऊन बेचाळीसवर. पाणी दिवसाआड येतंय. तरी लोणच्याच्या कैऱ्या फोडल्या, अर्ध्या त्याने, अर्ध्या मी.

अप्पांनी सकाळी फोनवर विचारलं, आई वेलची कुठल्या डब्यात ठेवायची. सांगितलं, फडताळात, जिऱ्याच्या डब्यामागे. उन्हाळ्यात वेलचीचा चहा सुचतोय त्यांना.

दुपारी आत्याचा फोन, जरा फुरंगटलेली. "रंगनाथ मला म्हनला, माझ्या लेकीचा धोंडा माझ्याच घरात हुईल, तू मधी पडू नको. आगं, येवढा ताठा कशाच्या जिवावर?" मी मनात म्हटलं, माझ्या जिवावर. अप्पांचा माझ्या डब्यावर इतका भरवसा आहे हे ऐकून अंगावर मूठभर मांस चढलं.

३० मे, शनिवार

एकवीस धोंडे करून डब्यात भरले. पांढऱ्या कापडात गुंडाळून, वर तूप सोडून. इतके देखणे धोंडे मी आजवर बघितले नाहीत, केले तर नाहीतच.

अजिनाथ आज रजेवर, दुपारपासून मागे लागलेला. "येवढे नको करू." मग म्हणे, "डबा न्हाई नेला तर न्हाई का चालनार?" आम्ही कडकडून भांडलो. म्हटलं, डबा नाही नेला तर उद्या पाटावर काय दगड वाढायचे? माझ्या माहेरी माझा धोंडा होऊ नये असं वाटतंय का तुम्हाला? तो म्हणाला, "तसं न्हाई गं," आणि गच्चीवर जाऊन बसला. सायंकाळी स्वतःच भात-पिठलं केलं आणि मला वाढलं. भांडण मिटलं, डबा जाणार आहे.

३१ मे, रविवार

घरी येऊन चहा घेतला आणि लगेच लिहायला बसले, कारण एक शब्द विसरायचा नाही.

सकाळी नऊला वस्तीवर पोचलो. गाडी बाभळीखाली लावली, डब्याची पिशवी हँडलला तशीच राहू दिली. आधी अप्पांना भेटावं, मग डबा काढावा, असा विचार. अंगण शेणाने सारवलेलं, पण एका बाजूला बोटभर जाड आणि एका बाजूला मातीच दिसतेय. छगनकाकांच्या लंकाकाकूंचा हात असला नाही. अप्पा नवी टोपी घालून, दाढी करून दारात. आमच्या पायांवर पाणी घातलं.

मी सवयीने सैपाकघराकडे वळले, तर आडवे उभे राहिले. "आत जायचं न्हाई. आज तू पाव्हनी हाईस."

"अहो, ताटं तरी घेते."

"ताटं मांडल्यात. बस तिकडं."

दोन पाट मांडलेले. पाटांभोवती रांगोळी म्हणून एक पांढरी रेघ, सरळ जाता जाता मध्येच थरथरलेली. मला काही कळेना. मग अप्पा आतून परात घेऊन आले, वर फडकं झाकलेलं. आधी वाटलं लंकाकाकूंनी करून दिलं, आणि राग आला, की मी असताना दुसऱ्याच्या घरचं का. तोच फडकं निघालं.

धोंडे होते. एक लिंबाएवढा, एक कैरीएवढा, एक चपटा. दोन फुटून पुरण बाहेर आलेलं, ते पुन्हा कणीक लावून लिंपलेले. असला धोंडा कुठल्याही बाईच्या हातून होणार नाही, कुणी पैज लावली तरी. आणि परात धरलेल्या अप्पांच्या बोटांवर चटक्याचे डाग.

मी अजिनाथकडे बघितलं. तो गाईंकडे बघत होता.

"म्हातारं गिऱ्हाईक," मी म्हणाले.

"आता येती त्याला गाडी," तो म्हणाला, अजूनही गाईंकडेच बघत.

अप्पा परात घेऊन उभेच होते. म्हणाले, "ज्ञानू, तू म्हनली करून आनते. मी बरं म्हनलो. पन त्या दिशी मला भाकर गोड लागली न्हाई. माझ्या लेकीचा पैला धोंडा, आन् लेकीनंच बांधून आनायचा? मंग मी कोन, ताटं राखनारा? दुसऱ्या दिशी पाव्हन्यांना फोन लावला. म्हनलं, मला शिकवा. मागं बांगड्या भरा म्हनलो हुतो, त्ये पोटात घाला आन् शिकवा."

मी अप्पांचा त्रास वाचवत होते ना. त्या नादात त्यांच्या हातातलं काढून घेतलं, आणि वर टोपी घालून बसा म्हणून सांगितलं. इतकं वाईट मला माझंच कधी वाटलं नव्हतं.

"तू डबा आनला आसशील," अप्पा म्हणाले. "आन. त्योबी वाढू. तुझ्या हातचं चांगलंच आसनार." बोलता बोलता त्यांनी परातीवर फडकं पुन्हा ओढून घेतलं.

"नाही आणला," मी म्हणाले.

"न्हाई?"

"जमलंच नाही अप्पा. शाळेचं काम निघालं."

सुट्टीत शाळेचं काम कसलं, हे नशिबाने त्यांच्या लक्षात आलं नाही. पिशवी समोर गाडीला लटकत होती, तिकडेही त्यांनी बघितलं नाही. फक्त फडकं बाजूला टाकलं आणि म्हणाले, "मंग बसा."

आम्ही पाटावर बसलो. अप्पांनी वाढलं. धोंडा फोडायला मला दोन्ही हात लागले. तुपाची वाटी रिकामी झाली तेव्हा अप्पांनी वाढता वाढताच सांगितलं, "आरं आजिनाथा, फडताळातलं तूप आन इकडं." धोंड्याच्या दिवशी पाटावर बसलेल्या जावयाला काम सांगितलं. लग्नापासून पाव्हनं-पाव्हनं करणारे अप्पा, आणि आज सरळ नावाने, अरे-तुरे. आत्या असती तर तिने कपाळाला हात लावला असता. मी माफी मागणार होते, पण अजिनाथ उठला तो जवळजवळ पळतच गेला. त्याला एवढं हसू कशाचं येत होतं देव जाणे.

"कसं झालंय?" अप्पांनी विचारलं. "खरं सांग. खान्याच्या बाबतीत तू खोटं बोलत न्हाईस."

मी खरंच बोलत नाही. म्हटलं, "पुरण करपलंय. वेलची जास्त झालीय. कणीक जाड आहे. आणि पुरण इतकं घट्ट कशाने झालं?"

"उलथनं हुभं ऱ्हाईपतूर हालवायचं, आसं तुझी आई म्हनायची ना? त्ये हुभं ऱ्हायलं. पन म्हनलं, वारं आलं तर पडंल. आनखी हालवलं. मंग त्ये निघंना. आजिनाथ न्हवता काल, दोघांनी, मी आन् छगननं, वढून काढलं."

आम्ही तिघंही हसलो. हसता हसता मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. म्हटलं, "अजून एक वाढा." मग आणखी एक. एकूण चार खाल्ले. अजिनाथने पाच. त्याला खरोखरच उठता येईना.

जेवल्यावर अप्पांनी मला सैपाकघर दाखवायला नेलं. चुलीवरचं पातेलं बाहेरून काळं, भिंतीवर आमटीचे शिंतोडे, आणि फडताळात आईचे डबे सगळे पुसून ओळीने लावलेले. म्हणाले, "छगनच्या घरचं जेवन बंद केलं म्या पंधरा दिवसांमागं. लंकाला सांगितलं, आता माझं मी करतो. भाकर गोल हुत न्हाई आजून. पन पोट गोल बघून भरत न्हाई." बोलले असते तर "मी डबा पाठवत जाईन" असं काहीतरी तोंडातून निघालं असतं, म्हणून ओठ आवळून ठेवले.

निघताना बघते तर पिशवी हँडलला नव्हती. गोठ्याच्या सावलीत, ओल्या पोत्यावर नीट ठेवलेली. अजिनाथने ठेवली असेल, ऊन फार चढलं होतं. अप्पांनी उरलेले सात धोंडे आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिले. लेकीला माहेरून रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं. म्हणाले, "आता दिवाळीला करंज्या. आजिनाथा, तवर येत ऱ्हा." जावई म्हणाला, "येतो की, मामा." येताना सगळा रस्ता तो गाडीवर शीळ घालत होता.

घरी पोचलो तर साळूबाई जिन्यातच उभ्या, माहेरी काय झालं ते ऐकायला. मी डबा उघडून त्यांना माझे बारा धोंडे दिले. त्यांनी एक हातात धरून फिरवून बघितला. "बया, काय सुरेख. माहेरचे व्हय?"

"नाही, हे मी केलेले. घरी ठेवा, सगळ्यांना द्या."

मग त्यांची नजर फडक्याकडे गेली. गाठ सुटून एक कैरीएवढा, लिंपलेला धोंडा बाहेर दिसत होता. "आन् हे आसले वेडेवाकडे कुनी केले?"

"हे माझ्या माहेरचे," मी म्हणाले, आणि त्यातला एकही दिला नाही.